जनरेटर बंद झाल्यावर

जहाजाचे जनरेटर एकेक करून बंद झाले. शर्मिलाने वॉकीटॉकीवर सांगितलं, "जहाजाचा लोड आपल्या विजेवर आलाय. सगळं नॉर्मल."

खाली धक्क्यावर मंडपातल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. धक्क्याला लागल्यावर किनाऱ्याच्या विजेवर चालणारं या बंदरातलं हे पहिलंच जहाज. मांडीएवढी जाड केबल धक्क्यावरून वर येऊन डेकवरच्या पॅनेलमध्ये शिरली होती. धुराड्यातून धूर येणं थांबलं होतं. बंदराची इलेक्ट्रिकल इंजिनिअर म्हणून शर्मिला याच दिवसासाठी राबली होती.

जहाजाचे चीफ इंजिनिअर अरविंद हात पुसत म्हणाले, "एवढी शांतता सवयीची नाही, मॅडम."

तेवढ्यात तिला ठकठक ऐकू आली. पायाखालून, कुठून तरी खोलवरून.

"हे काय वाजतंय, सर?"

"लोखंड. गार व्हायला लागलं की वाजतं."

ठकठक थांबली. मग पुन्हा सुरू झाली, या वेळी घाईने, कुणी दार बडवावं तशी.

"सर, खाली माणूस आहे."

अरविंदनी गंज खरवडणाऱ्या टोळीच्या सुपरवायझरला, अभयला, हाक मारली. त्याची माणसं सकाळी जहाजाच्या पोटातल्या रिकाम्या टाकीत उतरली होती.

"सगळे कधीच वर आलेत," अभय म्हणाला. "झाकण मी स्वतः उभं राहून आवळून घेतलंय. मॅडमना उगाच टेन्शन."

वॉकीटॉकी खरखरली. फोटोसाठी मंडपात बंदराचे मोठे साहेब खोळंबले होते.

"त्यांना थांबू दे," शर्मिला म्हणाली.

अरविंद खाली उतरले. ती मागोमाग गेली. टाकीच्या झाकणापाशी गुडघे टेकून त्यांनी पान्याने दोनदा ठोकलं. आतून दोनदा उत्तर आलं.

अभय मागून धावत आला आणि नटांना पाना लावू लागला.

नट सुटले. आतली हवा कोंदलेली, म्हणून अरविंदनी कुणालाच उतरू दिलं नाही. आधी पंखा लावून हवा सोडली, मग पाठीवर श्वासासाठी हवेची नळकांडी बांधलेला खलाशी दोरावरून आत गेला.

वर आला तो अभयच्या टोळीतला भैरू. उरणला खोली घेऊन राहणारा, सांगलीकडचा. अंगभर गंज, हातात खरवडायची पट्टी. ती आत राहिली म्हणून तो एकटाच माघारी उतरला होता. त्याला पाणी दिलं. निम्मं अंगावर सांडलं.

"कवाधरनं ठोकतुया," तो म्हणाला. "कुनालाच ऐकाय आलं न्हाई?"

"जनरेटर चालू होते रे," अभय पुटपुटला.

भैरूला ॲम्ब्युलन्समध्ये बसवून शर्मिला धक्क्यावर आली. मंडपात तिला पुष्पगुच्छ मिळाला. साहेब म्हणाले, "धूर गेला, आवाज गेला. अभिनंदन!" फोटो निघाला.

पाहुणे गाड्यांकडे वळले. ती मात्र पुढच्या धक्क्यापर्यंत चालत गेली. तिथे लागलेलं दुसरं जहाज अजून स्वतःच्या जनरेटरवर धडधडत होतं. पुष्पगुच्छ काखेत धरून ती त्याच्या लोखंडी भिंतीजवळ उभी राहिली आणि कान देऊन ऐकू लागली. धडधडीशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं.