पडायची जागा

हात सुटेना. छापखान्याच्या छताजवळ, शिडीवर उभ्या असलेल्या वायरमनच्या मुठीत तांब्याची उघडी तार होती आणि दुसरा हात लोखंडी तुळईवर. ओरडायला तोंड उघडत नव्हतं. मुख्य बटण त्याने स्वतः बंद केलं होतं. पण पुस्तकबांधणी खात्यातल्या कुणीतरी पंख्यासाठी ही वायर दुसरीकडून ओढून घेतली होती, आणि टेस्टर सापडेना म्हणून तार तपासून बघायचा त्याने आज नेमका कंटाळा केला.

खाली मेहुणा शिडी धरून उभा होता. नऊ वर्षं तो तेवढंच करत होता. बायकोच्या शब्दाखातर वायरमनने त्याला कामावर चिकटवलं होतं. "तुझ्यापेक्षा रस्त्यावरचा खांब बरा, निदान उजेड तरी पाडतो," असं तो त्याला चारचौघांत ऐकवायचा. मेहुणा हसायचा.

आता मेहुण्याने वर पाहिलं. हाक मारली नाही. लाकडी शिडीला खांदा लावला आणि सगळ्या अंगानिशी ती बाजूला लोटली.

वायरमन धाडकन कागदाच्या कात्रणांत येऊन पडला. श्वास परत आला, तसा संतापही आला.

"मेल्या, जिवावर उठलास माझ्या? खांब म्हणतो म्हणून?"

"हात बघा, दाजी."

तळहातावर आडवी काळी रेघ उमटली होती. जळक्या कातडीचा वास येत होता.

"तुम्हाला धरून ओढलं असतं तर मीही चिकटलो असतो. ताईला सांगायलासुद्धा कुणी उरलं नसतं."

वायरमनने मान वळवली. डावीकडे कागद कापायचं यंत्र, पातं उघडं. पाठीमागे लोखंडी मांडणी. अंगाखाली खाटेएवढा हा ढीग, तेवढाच.

"बरा सापडला हा ढीग."

"सापडला कसला? मी घातला. तुम्ही टेस्टर शोधत होता तेव्हा."

"कशाला?"

"वरची तार तुम्ही बघता. पडायची जागा मी बघून ठेवतो. कुठे पोती टाकतो, कुठे खोकी. काहीच नसलं तर शिडी थोडी सरकवून लावतो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." मेहुणा ओशाळून हसला. "रोज कामच काय असतं मला, दाजी?"

वायरमनने आडव्या पडलेल्या शिडीकडे पाहिलं. नऊ वर्षांत जिथे जिथे तो चढला होता त्या सगळ्या शिड्या एकेक करून त्याच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, आणि प्रत्येकीच्या पायथ्याशी, त्याने कधीच न पाहिलेलं, त्याच्यासाठी कुणीतरी अंथरून ठेवलेलं काहीतरी होतं.