त्रेचाळीस नंबरचं कार्ड

केंजळेकाकांनी चाचपत आपला अल्बम माझ्या टेबलावर ठेवला. "आता डोळ्यांनी दिसत नाही हो. हा तुम्हीच सांभाळा."

जुन्या क्रिकेट कार्डांचं आमचं प्रदर्शन दर महिन्याला राममंदिराच्या सभागृहात भरतं. काका दर वेळी विचारायचे, "त्रेचाळीस नंबर मिळाला का?" च्युइंग गमच्या पाकिटांतून निघालेल्या संचातलं तेवढं एकच कार्ड त्यांच्याकडे नव्हतं. मी म्हणायचो, "शोधतोय." माझ्याकडे दोन होती. पण गावात पूर्ण संच माझ्या एकट्याचाच असावा, असं वाटायचं.

कालच याच सभागृहात कीर्तन झालं. बुवांनी सुदाम्याचे पोहे असे काही रंगवले, की मी डोळे पुसतच घरी गेलो होतो.

माझ्या अल्बमच्या शेवटच्या पानामागे लपवलेलं कार्ड काढून मी काकांच्या हातात दिलं. "त्रेचाळीस."

त्यांनी कडांवरून अंगठा फिरवला. "कधी मिळालं?"

'आजच' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. "अकरा वर्षं झाली, काका."

त्यांनी दुसरा हात पुढे केला.

"द्या माझा अल्बम इकडे. आणि मी मेला इतकी वर्षं उगाच देवाला बोल लावत होतो!"