पत्त्यावरचं अक्षर

पार्सल पाहून टपाल विभागातल्या ताई थबकल्या. पाठवणाऱ्याचं नाव नाही, चिकटपट्टीचे वेढेच वेढे, वेडंवाकडं अक्षर आणि पत्त्यावर त्यांचंच नाव. हात न लावता त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं, सुरक्षा विभागाला कळवलं. सुरक्षावाल्यांनी इमारत रिकामी केली आणि पत्त्याचा फोटो फाटकाबाहेर प्रत्येकाला दाखवला. अक्षर कुणीच ओळखलं नाही, ताईंनीही नाही.

तासाभराने पार्सलमधून निघाला ताईंचा चष्मा, गेल्या आठवड्यात माहेरी विसरलेला.

त्यांनी आईला फोन लावला. "पत्ता कुणी लिहिला गं?"

"मीच. लकव्याने उजवा हात गेल्यापासून डाव्याने गुपचूप गिरवतेय. तुझा दादा लिहून देत होता, पण म्हटलं, लेकीचा पत्ता तरी आपण लिहावा. वाचता आला ना?"

ताईंनी डोळे पुसून चष्मा चढवला.

"आला की. अख्ख्या ऑफिसने वाचला."