तासाभराचा स्टाफ

मुंबईहून साहेब पाहणीला येणार कळताच नाशिकच्या एका सरकारी रुग्णालयात उज्वला सिस्टरचं धाबं दणाणलं. एकेका खाटेवर दोन-दोन पेशंट आणि अख्ख्या वॉर्डाला ती एकटी! मग तिनं शक्कल लढवली. जरा बरे वाटणारे पेशंट खाटेवरून उतरवले, त्यांना पांढरे कोट चढवले आणि बजावलं, "तासभर स्टाफ व्हायचं!"

पिंपळगावचे धोंडीराम तात्या तर हातातली सलाईनची सुई बाहीत लपवून ऐटीत उभे राहिले.

साहेब वॉर्डभर फिरले. खाटेवर एकेकच पेशंट, दाराशी हसतमुख स्टाफची रांग. साहेब जाम खूश.

"वा! इथं तर पेशंटपेक्षा स्टाफच जास्त! तालुक्याच्या दवाखान्याला एक माणूस हवाच होता. या सिस्टर कामाच्या दिसतात, यांना आजच तिकडे पाठवा."

साहेबांची गाडी गेटबाहेर गेली. तात्यांनी हळूच कोटाची बाही वर केली.


"सिस्टर, निघायच्या आधी येवढी सुई काढून जा. आता हितं आम्ही सोडून स्टाफ कोणीच नाय."