चार मिनिटांचा उशीर

“पुन्हा तोच!” अण्णा कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट दाखवत म्हणाले. “तुझ्या सगळ्या पाहुण्यांत हा एकटाच माझा जीव खाणार बघ.”

आकडेवालीनं खुर्ची पुढं ओढली. बस कंपनीच्या कचेरीत तिला सगळे याच नावानं हाक मारत. अण्णा तिथला सर्व्हर सांभाळायचे. वेळापत्रकाची वेबसाइट त्यांनी नऊ वर्षं तळहाताच्या फोडासारखी जपली होती. तिच्या शेजारी दुसरं काही बसवायचं म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत. पण साहेबांना उशिरा सुटणाऱ्या गाड्या शोधायच्या होत्या, म्हणून आकडेवालीनं एक ॲप केलं होतं. थांबा निवडायचा, वार निवडायचा, तारखांची पट्टी सरकवायची. गाडी तिथून किती उशिरा सुटते, त्याचा आलेख डोळ्यांदेखत बदलत जायचा.

आठवडाभर वाद झाल्यावर अण्णांनीच मार्ग काढला होता. “दार एकच राहील, माझं. वेळापत्रक मागणाऱ्याला मी दारातच देईन. आलेख मागणाऱ्याला आतल्या खोलीत तुझ्याकडे पाठवीन. पण माझा माणूस पान घेतो आणि जातो. तुझा ठाण मांडून बसतो. पट्टी हलवली की प्रश्न, हलवली की प्रश्न. खोली भरली तर मी कुलूप लावणार. सांगून ठेवतो.”

पडद्यावरचा हा पाहुणा चार दिवस रोज दुपारी तीनला ॲपवर येत होता. थांबा एकच, इस्पितळाचा. गाडी एकच, चार चाळीसची. वार मात्र आलटून पालटून सगळे.

“वैतागलेला प्रवासी असेल,” ती म्हणाली.

“प्रवासी कसला? हा आपलाच पत्ता. खाली ड्रायव्हरांच्या खोलीत जो कॉम्प्युटर आहे ना, तो.”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कुलुपाची गोष्ट राहिली बाजूला. अण्णाच आधी जिना उतरायला लागले.

कॉम्प्युटरपुढं एक पन्नाशीचा ड्रायव्हर चष्मा कपाळावर चढवून बसला होता. या दोघांना पाहून तो गडबडीनं उठला.

“काही बिघडलं का माझ्या हातून?”

“नाही हो,” आकडेवाली म्हणाली. “तुम्ही काय शोधताय, तेवढंच विचारायला आलो.”

त्यानं चष्मा नाकावर आणला. “महिना झाला मला या मार्गावर येऊन. माझ्या आधीचा ड्रायव्हर घड्याळासारखा माणूस. हे बघा, मंगळवार. बुधवार. शुक्रवार. उशीर नाही. आता सोमवार बघा, गुरुवार बघा. इस्पितळाच्या थांब्यावर चार मिनिटं. दोन वर्षं, दर सोमवारी आणि दर गुरुवारी. असा माणूस उगाच थांबेल?”

“मग त्यांनाच विचारायचं,” अण्णा म्हणाले.

“कुणाला विचारू? गेले ते. ड्युटी संपवून घरी गेले, जेवले, झोपले, ते उठलेच नाहीत. म्हणून तर मी आलो त्यांच्या जागी.”

मग अण्णांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं.

“आज गुरुवार,” ते म्हणाले.

चार चाळीसला गाडी इस्पितळाच्या थांब्यावर उभी होती. आकडेवाली आणि अण्णा पुढच्याच बाकावर बसले होते. चढायचे ते चढले, उतरायचे ते उतरले. ड्रायव्हरनं दार मिटलं नाही. एक मिनिट गेलं. मागून कुणीतरी विचारलं, “काय हो, मुक्काम करायचाय का?” ड्रायव्हर आरशात पाहत राहिला. दुसऱ्या मिनिटाला लोक घड्याळं बघू लागले. आकडेवालीनं सगळे आलेख स्वतःच्या हातानं केले होते, तरी ती सारखी इस्पितळाच्या फाटकाकडे बघत होती. कुणी आलंच नाही तर?

चौथं मिनिट सरत आलं तेव्हा फाटकातून एक बाई बाहेर पडल्या. भिंतीला हात लावत, एकेक पाऊल मोजत येत होत्या. दंडाला पांढरी पट्टी होती. आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घेतलेल्या माणसाला याहून भराभर चालता येत नाही. पायरी चढताना त्यांनी दांडा घट्ट धरला. मान खालीच होती.

“महिनाभर कुठं होता दादा? तास-तास बसून राहायचे हो मी पुढच्या गाडीसाठी.”

मग त्यांनी वर पाहिलं. चेहरा दुसराच होता.

“ते आता येणार नाहीत,” ड्रायव्हर हळूच म्हणाला. “बसा तुम्ही. सावकाश बसा.”

शुक्रवारी साहेबांनी उशिरा सुटणाऱ्या गाड्यांची यादी मागितली. आकडेवालीनं ॲपच उघडून पुढं ठेवलं. अण्णा दारात उभे राहिले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. साहेबांचं बोट फिरत फिरत इस्पितळाच्या थांब्यावर आलं. कालचा ठिपका वर उडालेला होता.

“इथं नोटीस काढावी लागेल. हा उशीर कुणामुळे?”

“वेळापत्रकामुळे, साहेब,” ती म्हणाली.

आणि तिनं सगळं सांगितलं. साहेबांनी स्वतः पट्टी सरकवली. मागं, पुढं, पुन्हा मागं.

“पुढच्या थांब्यांवरच्या लोकांनी काय करायचं?”

“त्यांचेही आलेख पाहा. पुढं रस्ता मोकळा आहे. शेवटच्या थांब्याला आधीचे ड्रायव्हर दर वेळी वेळेवर पोचायचे. दोन वर्षांत एकदाही चुकले नाहीत.”

साहेबांनी शेवटच्या थांब्याचा आलेख उघडून पाहिला. मग ते दाराकडे वळून अण्णांशी काहीतरी बोलले. अण्णा मान डोलावून वेळापत्रक बदलायला आपल्या खोलीकडे गेले.

सोमवारी गाडी इस्पितळापाशी चार मिनिटं थांबली, आणि अगदी वेळेवर सुटली.