‘हिरवट’चा राहिलेला अर्थ

“हिरवट म्हणजे काय?” टेलरमास्तरांच्या वकिलांनी विचारलं.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या कोशकारांचा चेहरा खुलला. एकतीस वर्षं खपून त्यांनी चार खंडांचा शब्दकोश केला होता, पण त्याबद्दल कुणी शपथेवर काही विचारायची ही पहिलीच खेप.

“आधी ‘हिरवा’ बघू. मूळ शब्द हरित, त्यामागे हरि. आता हरि म्हणजे पिवळाही, पिंगटही आणि हिरवाही. जुन्या लोकांनी एकाच शब्दात तिन्ही रंग कोंबले होते. आपली हळद त्याच घराण्यातली. म्हणजे हळद आणि हिरवा ही सख्खी नसली तरी चुलत भावंडं...”

“मुद्द्यावर या,” न्यायाधीशबाई म्हणाल्या.

“मॅडम, मुद्दा मुळाशीच असतो.”

“मग मुळापासून जरा वर या.”

कोशकार नाइलाजानं वर आले. कच्चं फळ हिरवं, न वाळलेलं लाकूड हिरवं, परवानगी मिळाली की कंदील हिरवा. आणि हिरवट म्हणजे किंचित हिरवा, किंवा अर्धाकच्चा, किंवा निवडलेल्या पालेभाजीचा हाताला येतो तो वास.

“आणि माणसाला म्हटलं तर?”

कोशकारांनी घसा साफ केला.

मास्तरांचा अब्रुनुकसानीचा खटला एवढ्याचसाठी उभा होता. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या निळ्या कोटाची बाही उसवली होती. “घरी येऊन बसवून देतो,” असं टेलरमास्तर जिन्यात म्हणाले, आणि नर्सबाईंनी सहा बिऱ्हाडांच्या देखत त्यांना “हिरवट म्हातारा” म्हटलं. दोघांनीही साठी केव्हाच ओलांडलेली. मास्तरांनी चाळीस वर्षं गावातल्या बायकांची मापं घेतली होती, कुणी कधी ब्र काढला नव्हता. त्या दुपारनंतर मात्र गिऱ्हाइकं अंगावरचं माप द्यायची बंद झाली. मापाला जुने कपडे यायला लागले, तेही शेजारणीच्या हातून.

नर्सबाईंचे वकील चौथा खंड घेऊन उठले. “पान आठशे बारा. तीनच अर्थ. माणसाचा कुठं पत्ता नाही. साक्षीदारांचाच कोश आहे. त्या दिवशी मास्तरांच्या अंगात शेवाळी स्वेटर होता. माझ्या अशिलांनी स्वेटरचं वर्णन केलं. किंचित हिरवा.”

कोर्टात खसखस पिकली. मास्तर गळ्यापर्यंत गुंड्या लावून बसले होते, त्यांनी मान आणखी खाली घातली.

कोशकारांना घाम फुटला. कोश पुरा आहे म्हणावं, तर हा माणूस जन्माचा बुडाला. अपुरा आहे म्हणावं, तर आपली एकतीस वर्षं. त्यांनी पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला.

“चौथा अर्थ आहे,” ते म्हणाले. “म्हातारपणी बायकांशी चावटपणा करणारा. सगळ्यांना ठाऊक आहे. मी गाळला.”

“का?” न्यायाधीशबाईंनी विचारलं.

“‘अ’ला सुरुवात केली तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो. ‘ह’ला पोचलो तेव्हा पासष्टचा. हा शब्द वर्णमालेत जरा आधी आला असता, तर बिनदिक्कत घातला असता.”

या वेळी हसणं आवरायला शिपायाला काठी आपटावी लागली.

“शिवाय प्रत्येक अर्थाला दाखला लागतो, मॅडम. कोण म्हणालं, कधी म्हणालं. माझ्याकडे एकच होता. घरातला.”

“सांगा.”

“सांगायलाच हवा?”

“शपथ घेतलीय तुम्ही.”

कोशकारांनी चष्मा काढला. “रस्ता ओलांडताना हिचा हात धरला होता. पलीकडे पोचलो तरी सोडायचं ध्यानात राहिलं नाही. तर ही म्हणाली, ‘सोडा की, हिरवट कुठले!’”

“रागावून?”

“तेच ठरवता येईना. हात तिनंही काढून घेतला नाही. घर येईपर्यंत. म्हणजे हा अर्थ आणखी निराळा झाला, पाचवा. शिवी नव्हे. आणि त्याला प्रतिशब्द मला अजून सापडलेला नाही.”

टंकलेखकाची बोटं थांबली. न्यायाधीशबाईंनी थोडा वेळ कागद सारखे केले, मग नर्सबाईंकडे पाहिलं.

“बाई, पाच अर्थ झाले. तुम्ही कुठल्या अर्थानं म्हणालात?”

“माझ्या अशिलांनी स्वेटर...” वकील उठले.

“तुम्ही बसा हो. स्वेटर गेला खड्ड्यात.” नर्सबाई उभ्या राहिल्या. “पस्तीस वर्षं वॉर्डात काढलीत, खोटं बोलायची सवय नाही मला. रागानंच म्हटलं. अख्खा जिना ऐकतोय आणि हे खणखणीत आवाजात म्हणतात, घरी येतो! यायचंच होतं, तर हळू सांगता येत नव्हतं?”

नर्सबाईंनी पदर नीट केला.

“चौथ्याच अर्थानं म्हटलं. पण तुम्ही पाचवा लिहून घेतलात, तरी माझी काही हरकत नाही.”

“मॅडम, काय लिहू?” टंकलेखकानं विचारलं.

न्यायाधीशबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांचे कान लालबुंद झाले होते. ते हळूच आपल्या वकिलांच्या कानाशी लागले. हळू बोलायची त्यांना खरोखरच सवय नव्हती, त्यामुळे पिंजऱ्यातल्या कोशकारांना शब्द न् शब्द ऐकू आला.

“निकाल नको. पुढची तारीख मागा.”