दोनशे सहा नंबरची खुशाली

“मध्यंतरी खोकला धरला होता, तेवढंच. बाकी ठणठणीत आहे,” पलीकडून आई म्हणाली.

“औषध घेतलं का त्यानं?” आकडेबाईंनी विचारलं.

“घेतोय कसला! वाफ घे, वाफ घे म्हणून दोन दिवस मागे लागले, तेव्हा कुठे पातेल्यावर वाकला. लहानपणापासूनचा हट्टी.”

आकडेबाई हसल्या. हे नाव त्यांना कचेरीनं ठेवलं होतं आणि आता त्यांनाच खरं नाव परकं वाटायचं. नशेनं माणसांच्या तब्येतीचं काय होतं, ते त्या आकड्यांत मांडत. बारा वर्षांपूर्वी व्यसनमुक्ती केंद्रांतून त्यांनी तीनशे चाळीस पोरंपोरी निवडली आणि नावांच्या जागी नंबर दिले. मग दरवर्षी एकेकाला गाठायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. कोण सुटलं, कोण पुन्हा अडकलं, कोण सापडेनासं झालं, कोण गेलं.

दोनशे सहा नंबर या आईचा मुलगा. आकडेबाई त्याला एकदाच भेटल्या होत्या. बाकावर बसून पाय हलवत त्यानं विचारलं होतं, “बाई, मी तुमच्या सरासरीच्या वर की खाली?”

“तू अजून मोजलाच गेला नाहीस,” त्या म्हणाल्या, तर केवढ्यानं हसला होता.

पुढे फोनवर यायची ती आईच. तो आत्ताच बाहेर पडला, म्हणायची. आकडेबाई म्हणायच्या, “असू दे काकू, तुम्हीच सांगा.” आणि काकू सांगायच्या. चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायला लागला ते. एका गोड गळ्याच्या मुलीशी लग्न केलं ते. मुलगी झाली ते.

दुपार कलली होती. खिडकीतून आलेलं ऊन टेबलावर साईसारखं पसरलं होतं. फोन कानाशी धरला की आकडेबाईंना ते न पाहिलेलं घर दिसू लागे. दोरीवर वाळणारी चादर, तिच्यामागून सायकल ढकलत येणारा तो, मनगटावर काचेची बारीक पांढरी भुकटी. त्या चादरीचा ओला गारवासुद्धा त्यांना गालाला जाणवे.

“छोटी काय म्हणते?” त्यांनी विचारलं.

“शाळेत जायला लागली. बापाच्या वरताण आहे. काल म्हणते, आजी, तुझ्या डोळ्यांना बाबा नव्या काचा का नाही बसवत?”

“मग?”

“म्हटलं, मला सगळं नीट दिसतं बाई आहे त्या डोळ्यांनी.”

समोरच्या खुर्चीत नवे विभागप्रमुख बसले होते. बारा वर्षांची ही पाहणी संपली होती, अहवाल छापून आला होता, आणि उद्या सगळी दप्तरं तळघरात जायची होती. एक शेवटचा फोन करते, एवढीच आकडेबाईंनी मुदत मागितली होती. साहेब मघापासून घड्याळाकडे बघत होते. शेवटी पुढे वाकून हळूच म्हणाले, “दरवेळी आईच बोलते? अहो, आया पदरचं घालून सांगतात. पोरगा चोरून करत असेल सगळं.”

आकडेबाईंनी फोनवर तळहात ठेवला. “नाही करत.”

“इतक्या ठाम?”

“अकरा वर्षांत त्यानं कशालाही हात लावलेला नाही. बाकी कुणाचं मी छातीठोकपणे सांगणार नाही. याचं सांगते.”

साहेबांनी खांदे उडवले.

आकडेबाईंनी हात काढला. “काकू, एक विचारायचं राहिलंच. गेल्या वर्षात आठवड्यातून किती वेळा?”

“शून्य,” आई म्हणाली. दरवर्षी हा शब्द ती असाच म्हणायची, हळू, चव घेत. मग म्हणाली, “बाई, यंदा तुमच्या फोनला चार दिवस उशीर झाला. मी कुठे गेलेच नाही. भाजीलाही नाही. म्हटलं, नेमका वाजायचा आणि मी नसायची.”

आकडेबाईंना एक वाक्य सांगायचं होतं. सकाळपासून त्यांनी ते घोकलं होतं. पाहणी संपली काकू, आता फोन येणार नाही. आठ शब्दसुद्धा नव्हते. समोरच्या उन्हात धूळ सावकाश फिरत होती, आणि ती चादर अजून वाळत होती, आणि सायकल दाराशी येऊन थांबत होती.

“पुढच्या वर्षी कराल ना?” आईनं विचारलं.

“करणार तर! आता घरच्या फोनवरून करीन. नवी पाहणी सुरू होतेय. चांगली तीस वर्षांची.”

“अगं बाई! तोवर केस पिकतील की हो त्याचे!”

“पिकू देत ना. तुमच्यासारखेच पांढरेशुभ्र होतील.”

“नाही, टक्कल पडेल. वडिलांवर गेलाय.” दोघी हसल्या. चांगल्या खळखळून, दोन्ही टोकांना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आईनं, सांगते हं त्याला तुम्ही विचारलंत म्हणून, असं म्हणून फोन ठेवला.

आकडेबाईंनी पदरानं चष्मा पुसला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

“तीस वर्षांची कुठली पाहणी?” साहेबांनी विचारलं. “बरं, निदान यंदाची खुशाली तरी कागदावर भरून टाकतो, म्हणजे दप्तर बांधता येईल,” असं पुटपुटत त्यांनी गठ्ठ्यातून दोनशे सहा नंबरचं पाकीट काढलं.

आत एकच कागद होता. अकरा वर्षांपूर्वीचा, आकडेबाईंच्याच अक्षरातला. ‘वय पंचवीस. मृत्यू. कारण, अमली पदार्थाची अतिमात्रा. माहिती समक्ष दिली, आईनं.’